क वरचं टिंब

बाबीनच्या तोंडी लागायचं नाही, हे आमच्या कोनेमाराच्या किनाऱ्यावर माणूस पावलं टाकायच्या आधी शिकायचा. एका अक्षराची चूक करा, बाई भर रस्त्यात अडवून तुमचा पाणउतारा करायची. मग तुम्ही डब्लिनचे साहेब असा नाहीतर देवाचे पाद्री. म्हाताऱ्या बार्टलच्या अंत्यविधीला नवे पाद्रीबाबा शोक करता करता 'तिची बायको' असं बोलून गेले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "त्याची, फादर, त्याची! मेला तो बाप्या होता." लोकांनी हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबले. बार्टलच्या विधवेचेसुद्धा खांदे हलत होते, आणि ते काही रडणं नव्हतं.

चूक होणं साहजिक होतं म्हणा. आमच्या आयरिश भाषेत त्याचं, तिचं आणि त्यांचं, या तिन्हींना एकच इवलासा शब्द आहे, 'अ'. कुणाचं ते कळतं पुढच्या शब्दाच्या तोंडावरून. वाट्याला म्हणतात 'किद'. अ किद म्हटलं तर तिचा वाटा. अ खिद म्हटलं तर त्याचा. अ गिद म्हटलं तर त्यांचा, सगळ्यांचा मिळून. आणि हा शब्द काही शेतीवाडीपुरता नाही. इथे 'माझे केस' असं कुणी म्हणत नाही, माझ्या वाट्याचे केस म्हणतात. माझ्या वाट्याचे कपडे, माझ्या वाट्याचा पाव, माझ्या वाट्याची भाषासुद्धा. बाबीनच्या वाट्याला भाषा जरा जास्तच आली आणि माया बेताची, असं लोक म्हणायचे. तिच्या पाठीमागे म्हणायचे, अर्थात.

हाक मारतानाही तोच प्रकार. नाव नुसतं घ्यायचं तर बाबीन, पण हाक मारायची तर वाबीन. तिच्या धाकट्या भावाचं नाव फेहीन. त्याला हाक मारली की फ गळून पडतो आणि उरतं एहीन. त्या घरात मात्र सव्वीस वर्षं कुणी कुणाला हाक मारली नव्हती.

बहीणभाऊ एकाच छपराखाली राहायचे, दोघंही बिनलग्नाचे. चूल एक, किटल्या दोन, चहाचे डबे दोन, आणि बोलायला मध्ये कुत्रा. "कॅप्टन, फेहीनला सांग, बूट दारात काढ म्हणावं. हा गोठा नाही." "कॅप्टन, तिला सांग, गोठ्यात निदान शांतता असते." हा तिसरा कॅप्टन. पहिले दोघे निरोप पोचवता पोचवताच म्हातारे होऊन मेले. तिसऱ्याला इतकी सवय झाली होती की कुणी तोंड उघडलं की तो आधी उठून मध्ये येऊन बसायचा.

हे सगळं एका शेताच्या तुकड्यावरून. घराच्या पश्चिमेला, समुद्राला लागून. शेत कसलं, मुळात नागडा खडक. फेहीन इंग्लंडात कामाला गेला, त्या सात वर्षांत बाबीन आणि त्यांची आई मॅग, दोघींनी पाठीवरच्या टोपल्यांतून वाळू आणि समुद्रातलं शेवाळ वाहून नेलं आणि त्या खडकावर माती केली. हो, केली. आमच्याकडे माती मिळत नाही, करावी लागते. टोपलीतून गळणाऱ्या खाऱ्या पाण्यानं बाबीनच्या पाठीची सालटी निघायची आणि मॅग त्यावर लोणी चोळायची. तिसऱ्या वर्षी बटाटा धरला. पहिला निघाला तो मॅगनं उकडला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा लेकीला दिला. त्यानंतर बाबीननं आयुष्यात पुष्कळ खाल्लं असेल, पण चव सांगायची ती त्या अर्ध्या बटाट्याची.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी मॅगनं अंथरूण धरलं. तिला लिहिता यायचं ते लेकीमुळे. बाबीन रविवारच्या वर्गात जुनी लिपी शिकून आली होती आणि चुलीपाशी बसून तिनं ती आईला शिकवली. त्या लिपीत क चा ख करायचा तर डोक्यावर एक टिंब द्यायचं, बस्स. मॅगच्या बोलण्यात कधी चूक सापडायची नाही, पण लिहिताना टिंबं विसरायची. "ही टिंबं म्हणजे कोंबड्यांचे दाणे, मागाहून टाकते," म्हणायची आणि टाकायची नाही. मरायच्या आधी चार दिवस तिनं दौत मागवली आणि तीन ओळी लिहिल्या. घर फेहीनला, पण त्यातली पश्चिमेची खोली बाबीनची, ती जिवंत असेपर्यंत. गाय बाबीनला. तिसऱ्या ओळीत पश्चिमेचं शेत, आणि त्यापुढे नाव नाही, नुसते दोन शब्द. 'अ', आणि 'वाटा'.

फेहीन पोचला तो आईला पुरल्यावर आठ दिवसांनी. इंग्लंडात तो मजुरांची हजेरी घ्यायचा. कानामागे शाईची पेन्सिल, कोरडी लिहिली तर काळपट, जिभेवर ओली केली की जांभळी उमटणारी. चाटून चाटून त्याचा खालचा ओठ कायमचा जांभळा झाला होता. गावानं त्याचं नाव त्याच दिवशी जांभळ्या ठेवलं. कपाटातला कागद त्यानं वाचला, रात्रभर उशाशी ठेवला आणि सकाळी शाळेच्या मास्तरांपुढे नेऊन टाकला. मास्तरांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी धरला. क वर टिंब होतं.

"ख," मास्तर म्हणाले. "त्याचा वाटा."

"माशी," बाबीन म्हणाली.

"काय?"

"ते टिंब नाही, माशीची घाण आहे. माझ्या आईनं त्या अख्ख्या कागदावर एक टिंब दिलेलं नाही. 'पश्चिम' या शब्दावर हवं होतं, तिथेही नाही. आणि हे एकच तेवढं द्यायला उठली होय?"

"जिथे द्यायला हवं तिथे दिलं," फेहीन म्हणाला.

मास्तर सरकारी लिपीचे माणूस. कागदावर जे दिसतं ते खरं, असं ते म्हणाले. तेव्हा बाबीन दारात उलटी फिरली आणि त्यांना म्हणाली, "कागद खोटं बोलतो, मास्तर. तोंड बोलत नाही." हे वाक्य गावभर झालं. पुढे कुणीही कसलाही कागद दाखवला की लोक तिच्याच सुरात ते म्हणून दाखवायचे. गावात दोन तट पडले, टिंबवाले आणि माशीवाले, आणि बाजाराच्या दिवशी दोन सख्ख्या साडूंनी यावरून एकमेकांच्या टोप्या चिखलात तुडवल्या. भावाबहिणीचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही म्हटल्यावर मास्तरांनी कागद पत्र्याच्या डब्यात घालून शाळेच्या कपाटात कुलूपबंद केला आणि त्याला कुणी बोट लावायचं नाही, असं बजावलं.

शेताचं काय झालं विचारता? एका वसंतात फेहीननं बटाटे लावले. बाबीननं ते एका सकाळी उपटले आणि दगडी कुंपणावर ओळीनं मांडून ठेवले, त्याला घरातून दिसतील असे. पुढच्या वर्षी तिनं लावले, तर त्यानं त्यात कुणाचं तरी गाढव सोडलं. मग दोघांनीही नाद सोडला आणि काटे माजले. दोघींच्या पाठीवरून आलेल्या मातीत त्यानंतर काट्याशिवाय काही उगवलं नाही. बाबीन रोज सकाळी कुंपणापाशी जाऊन उभी राहायची आणि जबडा आवळून परत यायची.

मग डब्लिनचा एक दातांचा डॉक्टर समुद्र बघायला आला आणि त्याला नेमकं तेच शेत आवडलं. त्याला सुट्टीत राहायला बंगला बांधायचा होता. फेहीन विकायला एका पायावर तयार.

"कॅप्टन," तो जेवताना म्हणाला, "तिला सांग, तिच्या काट्यांच्या जागी आता डॉक्टरीणबाईंचे गुलाब येणार."

"कॅप्टन, त्याला सांग, माझ्या मुडद्यावरून."

"तिला सांग, तसंही चालेल."

टिंब खरं ठरलं तर तिनं पाठ सोलून केलेल्या मातीवर परक्याची फरशी पडणार होती. चौसष्टाव्या वर्षी बाबीनला पहिल्यांदा भीती वाटली आणि भीती वाटली याचाच तिला जास्त संताप आला. तिनं त्या दिवशी फेहीनची किटली अंगणात फेकली. त्यानं तिची विहिरीत टाकली.

शहरातल्या जमीन कचेरीनं मात्र घोळ घातला. जुन्या लिपीतला कागद चालणार नाही, नव्या अक्षरांत टाइप करा, शिक्षकाची साक्ष घ्या, दोन्ही वारसांच्या सह्या घ्या. शाळेतून जुनी लिपी तोवर हद्दपार होत आली होती. टाइपरायटरवर टिंबच नव्हतं. टिंबाऐवजी आता क च्या पुढे एक अख्खं अक्षर ठोकायचं, ह. म्हणजे टिंब की माशी हे लटकत ठेवायची सोय संपली. जो कुणी टाइप करेल त्याला ह ठोकावा तरी लागणार होता, नाहीतर गाळावा तरी लागणार होता.

मास्तर वारले होते. त्यांच्या जागी सोरखाबाई आल्या होत्या, तिशीच्या, शांत, आणि बाबीनला न घाबरणाऱ्या. एका शनिवारी सकाळी त्यांनी दोघांना शाळेत बोलावलं. कॅप्टनला बाहेर बांधावं लागलं, त्यामुळे दोघांची मोठीच पंचाईत झाली. पोरांच्या बुटक्या बाकांवर दोघं दोन टोकांना बसली, गुडघे हनुवटीला लावून.

बाईंनी डबा उघडला. "मास्तरांनी हा कागद माझ्या गळ्यात बांधला. बघू दे तिच्यात काय आहे."

"त्याच्यात," बाबीन म्हणाली. "कागद बाप्या आहे, बाई. तुम्ही त्याला लुगडं नेसवलंत."

"त्याच्यात," बाई हसून म्हणाल्या आणि भिंगातून बघू लागल्या. बराच वेळ बघितल्यावर म्हणाल्या, "टिंबासारखं तर दिसतंय."

"झालं तर मग!" फेहीन म्हणाला. "बाई, तिला सांगा, तुमच्या भिंगालाही माशी दिसत नाही म्हणून."

"बाई, त्याला सांगा, ओलं बोट लावून बघू द्या. माशीची घाण असेल तर पुसली जाईल. हे मी मास्तरांना सव्वीस वर्षांपूर्वी म्हणाले होते. त्यांना कागदाची काळजी, माझी नव्हती."

फेहीन ताडकन उठला. "कागद फाटेल! जुना आहे. बाई, हात लावू नका."

पण सोरखाबाईंनी करंगळी पाण्याच्या पेल्यात बुडवून टिंबावर टेकवलीसुद्धा होती. टिंब पुसलं गेलं नाही. ते पसरलं. बाजूची सगळी अक्षरं तपकिरी शाईत जशीच्या तशी, आणि क च्या डोक्यावर हळूहळू एक जांभळा डाग फुलत गेला, वाटाण्याएवढा.

फेहीनचा हात आपोआप ओठावर गेला.

बाबीन हसली. असं हसली की बाहेर कॅप्टन भुंकायला लागला. "बघा, बघा! जांभळी माशी! इंग्लंडहून आली होती, बाई, हजेरी घ्यायला! आईला पुरून आठच दिवस झाले होते आणि हा बसला पेन्सिल घेऊन! आता आणा त्या तुमच्या टिंबवाल्यांना, एकेकाला इथे रांगेत उभं करा!"

फेहीन खाली बसला. बाकावर कोरलेलं कुणाचं तरी नाव तो नखानं खरवडू लागला.

सोरखाबाईंनी टाइपरायटरमध्ये कोरा कागद चढवला. "टिंब गेलं. उरला क. तिचा वाटा." मग थांबल्या. "फक्त साक्षीपुरतं विचारते, मावशी. आईनं हे लिहिलं तेव्हा खोलीत कोण होतं?"

"मी."

"लिहिताना त्या बोलायच्या?"

"शब्द न् शब्द. बोलल्याशिवाय तिला लिहिताच यायचं नाही."

"मग तुम्हाला हे कुणी कधी विचारलं कसं नाही?"

"सगळे कागद बघत होते ना."

"कागद खोटं बोलतो, तोंड बोलत नाही. तुमचंच वाक्य आहे, मी या गावात आल्यापासून ऐकते आहे." बाईंनी बोटं अक्षरांवर ठेवली. "म्हणा. त्या म्हणाल्या तसंच म्हणा. मी ऐकते आणि ठोकते."

यात अवघड काय होतं? क म्हणायचं. एक अक्षर. भाऊ उघडा पडला होता, शेत पदरात पडलं होतं, दातांच्या डॉक्टरानं दुसरा समुद्र शोधावा. बाबीन ताठ बसली. आई श्वास घ्यायला जिथे थांबली होती तिथे थांबली, आईच्याच खालच्या पट्टीतल्या आवाजात म्हणाली, "पश्चिमेचं शेत," पुन्हा थांबली, आणि म्हणाली, "अ गिद."

ग.

तिला स्वतःलाच ते आधी ऐकू आलं. जन्मभर जिनं चुकीचं अक्षर तोंडातून जाऊ दिलं नाही, ती जीभ ऐन वेळी फितूर झाली होती. सोरखाबाईंची बोटं हलली नाहीत. फेहीननं मान वर केली.

"पुन्हा म्हणता का, मावशी?" बाई म्हणाल्या.

चुकून गेलं, म्हणता आलं असतं. पण बोललेलं अक्षर कुणाला परत घेऊ द्यायचं नाही, हा कायदा या गावात तिचाच. पाद्रीलासुद्धा तिनं सोडलं नव्हतं.

"ग," ती म्हणाली. रागानं म्हणाली. "गिद म्हणाली ती. दोघांचा वाटा. मग मला विचारलं, हे कसं लिहू गं? मी म्हटलं, क लिही. तिनं लिहिला. मीच शिकवलं होतं ना तिला. तिला वाटलं, असाच लिहितात."

फेहीननं बाकावर मूठ आपटली. "बाई, विचारा तिला! सव्वीस वर्षं मला गावात खोटारडा ठरवलं..."

"खोटारडाच आहेस तू!" ती बाईंना ओलांडून सरळ त्याच्या अंगावर ओरडली. "तू टिंब घातलंस, मी ग खाल्ला! सात वर्षं टोपली माझ्या पाठीवर, आणि वाटा दोघांचा? का म्हणून? तू कोण? आई मरायला टेकली तरी तुला बोट मिळत नव्हती!"

"मग माशी माशी काय करत होतीस? सरळ म्हणायचं, फेहीननं टिंब घातलं."

"म्हटलं असतं तर मास्तरांनी विचारलं असतं, मग आई खरं काय म्हणाली? तेव्हा काय सांगितलं असतं मी, तुझं डोंबल?"

सोरखाबाई टाइप करू लागल्या. क चा ग करायचा तर आमच्याकडे क खोडत नाहीत. त्याच्या आधी ग लिहितात आणि क मागे तसाच ठेवतात. लिहायचे दोन्ही, उच्चारायचा एकच. दोघांनी सह्या केल्या, एकमेकांचा हात लागू नये म्हणून लेखणी टेबलावर ठेवून मग उचलत. आता एकाच्या सहीनं शेत विकता येणार नव्हतं. डॉक्टरानं पुढे दुसऱ्याच गावात बंगला बांधला. त्याचं सारं छप्पर पहिल्याच हिवाळ्यात उडालं, त्याचा आनंद बाबीननं आठवडाभर केला.

पण ते नंतर. त्या शनिवारी दोघं घरी निघाली ती रस्त्याच्या दोन कडांनी, मध्ये कॅप्टन. पश्चिमेच्या शेताशी आल्यावर फेहीन थांबला.

"कॅप्टन," तो म्हणाला, "तिला विचार, आई आणखी काही म्हणाली का."

बाबीन कुंपणाच्या दगडावर हात ठेवून काट्यांकडे बघत राहिली. कॅप्टन येऊन मध्ये बसला. वाऱ्यानं तिच्या डोक्यावरची शाल मागे सरकली, ती तिनं पुढे ओढली नाही.

"एहीन," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांत त्याच्या नावाचा फ त्या घरात कुणी गाळला नव्हता. तो दचकला.

"दौत बाजूला ठेवली आणि म्हणाली, त्याला सांग. तो आला की पहिलं हे सांग. दोघांचं आहे म्हणावं, तुला विसरले नाही."

"मग?"

"मग काय. नाही सांगितलं."

शिवी घालायला त्यानं तोंड उघडलं, हे तिला स्पष्ट दिसलं. घातली असती तर तिनं ऐकून घेतली असती, तयारच होती ती. पण त्या जांभळ्या ओठावरून बाहेर आलं ते भलतंच.

"वाबीन," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. "विळा आण," ती म्हणाली. "तुझा. माझ्याला हात लावायचा नाही."